जॅकेट पास होईना, मॅच ४० मिनिटांवर: माझा अनुभव

१० मीटर एअर रायफलची मॅच म्हणजे १५ मिनिटं साइटर्स, म्हणजे सरावाचे शॉट, आणि मग ७५ मिनिटांत ६० शॉट. पण माझी मॅच अडीच तास आधी इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे कपडे-सामान तपासणीच्या, लाइनीतच सुरू झाली आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. एवढी मुलं आणि टेबल एकच! माझा नंबर आला तर जॅकेट मशीनवर २.९ दबलं, कमीत कमी ३.० मिलिमीटर दबायला लागतं. थंडीत रात्रभर बॅगेत होतं म्हणून कडक झालंय, दोन मिनिटं द्या, असं म्हटलं तर "मऊ करून आणा, मागून लाइनीत या." मागून! माझी रिले, म्हणजे माझ्या बॅचची मॅच, ४० मिनिटांवर. हात थरथरायला लागले, आणि या खेळात दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

सरांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "जॅकेट चोळत बस आणि डोळे मिटून मनातल्या मनात दहा शॉट मार." रोज रात्री झोपताना मी हेच करते, पाय, कंबर, गाल स्टॉकवर (रायफलच्या मागच्या दांड्यावर), श्वास सोडायचा, ट्रिगरचा पहिला टप्पा, शॉट सुटल्यावरही रायफल तशीच धरून ठेवायची. भिंतीला टेकून तेच केलं. बीजिंगला २००८ मध्ये फायनलच्या आधी नेमबाज अभिनव बिंद्राच्या रायफलची साइट (नेम धरायचं साधन) बिघडलेली निघाली होती आणि त्याने ती साइटर्समध्येच सावरली, ते सारखं आठवत होतं. दुसऱ्यांदा ३.१. पास!

पहिले काही शॉट नऊच्या घरातच. विसाव्याच्या आसपास कधीतरी शेजारच्या लेनचा आवाज यायचा बंद झाला. काळा गोल, त्याच्याभोवती पांढरी कड, गालाला थंडगार स्टॉक, बाकी काहीच नाही, मी ट्रिगर दाबतेय असंही वाटत नव्हतं. याला फ्लो म्हणतात हे वाचलं होतं, अंगावर आलं ते त्या दिवशी. ४१ व्या शॉटनंतर मॉनिटरकडे बघून मनात बेरीज केली आणि पुढचा गेला ९.३. म्हणून सांगते, बेरीज करूच नका. रायफल स्टँडवर ठेवली, दोन मिनिटं डोळे मिटले, मग परत उचलली.

६० शॉटची बेरीज ६१९.४, माझा आत्तापर्यंतचा बेस्ट, आणि मला त्याचा खूप अभिमान आहे!

आणि हो, शक्य असेल तर इक्विपमेंट कंट्रोल आदल्या दिवशीच उरकून घ्या, आणि जॅकेट रात्री बॅगेत कोंबू नका, खोलीत खुर्चीवर पसरून ठेवा.