वळण जोरावर नसतं

नवी मुंबई, श्रावण, रात्र

पावसाळ्यात वाशी-नेरूळकडच्या पूल टेबलांचं कापड जड होतं. खाडीकडची दमट हवा, त्यात दुपारभर एसी बंद. लोकरीत ओल राहते आणि फिरणारा बॉल कापडाला लवकर धरतो. मग आडव्या बॉलला वळसा घालून पांढरा बॉल नेताना अंदाज चुकतात आणि लगेच कुणीतरी म्हणतं, 'अजून जोरात मारायला हवा होता.' मला हे अजिबात पटत नाही. पांढरा शेवटी कोणत्या दिशेला जाणार, हे क्यू (मारायची काठी) किती उभा आहे आणि टिप (क्यूचं पुढचं टोक) बॉलला कुठे लागली यावर ठरतं. वळण कुठे पुरं होणार, एवढंच जोरावर ठरतं.

फ्रेंच गणिती कोरिओलिसने 1835 मध्ये बिलियर्ड्सच्या गणितावर पुस्तक काढलं, त्यात हे स्वच्छ मांडलेलं आहे. क्यूची रेघ मनातल्या मनात बॉलमधून खाली कापडापर्यंत वाढवायची. ती कापडाला जिथे भिडते तो एक बिंदू. बॉल कापडावर जिथे टेकलाय तो दुसरा. टेकल्या जागेवरून भिडण्याच्या बिंदूकडे जाणारी रेघ ज्या दिशेला, त्याच दिशेला वळण संपल्यावर बॉल जातो. कापड जुनं असो की कोरं, दिशा तीच. कोऱ्या, गुळगुळीत कापडावर वळण उशिरा येतं; ओल्यावर लवकर.

अडथळ्याच्या डावीकडून जाऊन उजवीकडे वळायचं, तर टिप बॉलच्या उजव्या अंगाला लागली पाहिजे. बॉल 57.15 मिमीचा, मध्यापासून साधारण 14 मिमीच्या पलीकडे गेलं की टिप घसरते, तिला चॉक (घसरू नये म्हणूनचा खडू) कितीही लावा. सुरुवातीला पांढरा थोडा डावीकडे सरकतो, ते नेम धरतानाच हिशेबात घ्यायचं. लक्ष्याचा बॉल अर्धाच झाकलेला आणि पुढे मोकळी जागा असेल, तर क्यूची शेपटी, म्हणजे मागचं टोक, 20-30 अंश उचलली तरी भागतं. वळण अजून हवं असेल तर शेपटी आणखी वर घ्या, नाहीतर टिप जराशी खाली आणा.

जोराचा हिशेब मात्र फसवा आहे. वेग दुप्पट केला की बॉल सरळ रेषेला लागेपर्यंतचं अंतर चौपट होतं. म्हणून अडथळा वीतभर अंतरावर असेल तर हलका हात. लांब असेल तरच जोर. धुवाधार मारलेला बॉल अडथळा ओलांडतो खरा, पण वळण पुरं व्हायच्या आत लक्ष्याच्या बाजूने निघून जातो.

हाताचं म्हणाल तर ब्रिज, म्हणजे क्यू टेकवायचा पुढचा हात, बोटांच्या टोकांवर उंच आणि पक्का हवा, पकड सैल, क्यू नेहमीपेक्षा पुढे धरलेला आणि ठोका आखूड. टिप बॉलला लागली की पुढे रेटायचं नाही. रेटलं तर बॉल क्यू आणि कापडाच्या मध्ये चेंगरतो आणि कापडावर पांढरा डाग उमटतो. क्यू जवळजवळ उभा धरून मारायचा मॅसे तर पार्लरवाल्याला विचारल्याशिवाय मारूच नये. तिथे हात चुकला तर टिप सरळ कापडात शिरते.

आणि अडथळा पांढऱ्याला जवळजवळ चिकटलेला असेल, तर वळवायचा नाद सोडून एका कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर आपटून, यावं.