कमी होत गेलेले रंग

चित्रं काढणाऱ्याची प्रगती कशावरून ओळखायची? कोणी म्हणतं हात बसला पाहिजे, कोणी म्हणतं स्वतःची शैली सापडली पाहिजे. मी आपली रंगांची पेटी बघते. लहानपणी जेवढी पेटी मोठी तेवढा चित्रकार मोठा, असा सरळ हिशेब होता. झाडाला हिरवा, आकाशाला निळा, सावलीला काळा; ज्याची त्याची वडी ठरलेली. पुढे चित्रं वाढत गेली आणि पेटी आटत गेली.

पहिल्यांदा गेला काळा. सावली काळी नसते हे सांगून पटत नाही, ते बघावंच लागतं. भर उन्हात पांढऱ्या भिंतीवरची सावली नीट न्याहाळली तर निळसर दिसते. ऊन अडलेलं असलं तरी आकाशाचा उजेड तिथे पोचत असतो ना! एकदा हे दिसलं की त्या जागी काळा लावायला हात धजत नाही.

मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांची जोडी जमली. एक गडद निळा, दुसरा विटकरी तपकिरी. एकत्र केले की राखाडी होतो. निळा वरचढ ठेवला तर त्यात पावसाळी ढग निघतात, तपकिरी वरचढ ठेवला तर जुनं लाकूड. खरखरीत ओल्या कागदावर हे मिश्रण सोडायचं आणि नुसतं बघत बसायचं. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर राखाडीत निळी रवाळ झाक उमटते. ट्यूबमधला तयार राखाडी असलं काही करत नाही, मुकाट पसरतो. जलरंग वाळताना फिका पडतो, म्हणून ओला असताना जरा जास्तच गडद वाटायला हवा. किती जास्त, ते मात्र वर्षानुवर्षं कागद खराब केल्याशिवाय कळत नाही.

हाच अल्ट्रामरीन एके काळी लाजवर्द दगड कुटून काढत. महाग इतका की जपून वापरायचा. १८२८ च्या सुमारास तो कृत्रिमरीत्या बनू लागला, म्हणून माझ्यासारखीला तो ढगांवर उधळता येतो.

काळा टाकूनच द्या, असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. स्वीडनचे चित्रकार अँडर्स झोर्न (१८६०–१९२०) यांच्या नावाने ओळखलं जाणारं पॅलेट चारच रंगांचं: पांढरा, यलो ऑकर म्हणजे मातकट पिवळा, शेंदरी लाल आणि काळा. निळा नाहीच! पांढऱ्यात मिसळलेला काळा लाल-पिवळ्याच्या शेजारी चक्क निळसर दिसतो. मी ज्याला घराबाहेर काढलं, त्याच्याकडून त्यांनी दोघांचं काम करून घेतलं.

थोडक्या रंगांत भागतं, हे मला अगदी मनापासून पटलेलं आहे. तरी नव्या रंगांचा तक्ता हाती आला की निळ्या-हिरव्या कोबाल्ट टर्क्वाइजच्या चौकोनाशी बोट रेंगाळतंच. आधीची ट्यूब सीलबंद पडून आहे, हे तेव्हा आठवत असतं. पण म्हणून मी तक्ता मिटत नाही.