कारण लिही

आमची दहावीची बॅच 1993-94 ची. 29 सप्टेंबरला गणपती बोळवून दमून झोपलो आणि पहाटे जमीन हलली. किल्लारी, सास्तूरच्या बातम्या दुपारपर्यंत गावात पोचल्या. आपल्या गावात माणसं वाचली, भिंतींना भेगा गेल्या, पण माळवदाखाली झोपायची कुणाची छाती होईना. पुढचे दोन-अडीच महिने निम्मं गाव शाळेच्या मैदानावर झोपायला होतं.

मी भूमितीत कच्चा. नुसता कच्चा नाही, मनातून हरलेला. पहिल्या घटक चाचणीत आकृती काढली, पक्ष आणि साध्य लिहिलं, पुढं सिद्धतेची जागा कोरी. सरांचा दोष नव्हता, ते जीव तोडून शिकवायचे. पण फळ्यावर प्रमेय इतकं सरळ उतरायचं, की आपण नेमके कुठं अडतो तेच कळायचं नाही. वर्गातला पहिला नंबर तर म्हणायचा, "हे दिसतंयच की!" मला दिसत नव्हतं.

मैदानावर एका कंदिलाला आम्ही चौघं बसायचो. एक मी. दुसरा बाकोबा. कुठलेही दोन त्रिकोण एकरूप दाखवायचे असले की हा "बाकोबा कसोटी" (बाजू-कोन-बाजू) लिहून मोकळा, दिलेलं बाबाबा (तिन्ही बाजू) असो की कोबाको (कोन-बाजू-कोन). "खंडोबा, म्हसोबा आणि हे आमचे बाकोबा," असं सर एकदा म्हणाले आणि नाव चिकटलं. तिसरा शेतातल्या कामांमुळं आठवड्यातून तीनच दिवस शाळेत दिसायचा. आणि चौथी ती. एरवी मुलीला रात्री आमच्यात कोण बसू देणार? पण तिची आजी, आई, सगळं घरच दहा पावलांवर गोधड्या अंथरून पडलेलं. भूकंपाबद्दल चांगलं बोलू नये, पण हे त्याच्यामुळं झालं.

ती काही फार हुशार नव्हती, आमच्यापेक्षा जेमतेम एक धडा पुढं. हट्ट मात्र एकच: प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण लिही. नाही लिहिलं की अर्धा मार्क कापला. चक्रीय, म्हणजे चारही कोपरे वर्तुळावर असलेल्या, चौकोनाचे समोरासमोरचे कोन परस्परपूरक, म्हणजे मिळून 180 अंशांचे, का, यावर मी कितीतरी रात्री अडलो. बाकोबा त्याच जागी आदल्या दिवशी अडलेला, त्यामुळं तिथून कसा सुटला ते त्याला ताजं आठवत होतं.

"कंस बघ."

"कुठला? कारणाचा?"

"अरे, वर्तुळाचा! दोन्ही कंस मिळून 360. आंतरलिखित कोन त्याच्या निम्मा. मग दोन्ही कोन मिळून किती?"

त्या रात्री मला पहिल्यांदा दिसलं.

नोव्हेंबरात थंडी पडली. गोधडीतून उठवत नसे. पण तिकडं कंदिलापाशी तीन डोकी दिसायची आणि माझी जागा मोकळी. त्यात रॉकेल आळीपाळीनं आणायचं. माझ्या पाळीला मी गेलो नाही तर तिघंही अंधारात. अभ्यासाच्या गोडीनं गेलो असं इथं छापून आलं, तर बाकोबा पोट धरून हसेल.

डिसेंबरात लोक घरोघर परतले. तिचं येणं थांबलं. मग आमच्या वह्या तिच्या धाकट्या भावाबरोबर जायच्या आणि लाल शाईनं अर्धे मार्क कापून परत यायच्या.

मी पास झालो, पास होण्याहून थोडं बरंच. बाकोबाही निघाला. तिसरा गणितात गेला. ऑक्टोबरला पुन्हा बसलाच नाही, शेतातच राहिला. परीक्षेच्या तोंडावर तो यायचा बंद झाला, तेव्हा आमच्यापैकी कुणी त्याच्या वस्तीवर गेलं नाही. हे अजून सलतं.

भूकंपानंतर 52 गावं नव्यानं वसवायची होती. त्या कामांवर बाकोबा गवंड्याच्या हाताखाली गेला आणि पुढं स्वतः गवंडी झाला. सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेचं सभागृह बांधलं, त्याची आखणी त्याचीच. त्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. त्यानं कोपऱ्यात खुंटी ठोकली, सुतळीवर एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार मोजले. समोरचं अंतर पाच भरेपर्यंत सुतळी सरकवली आणि म्हणाला, "आलं गुण्यात, काटकोनात. कारण?"

"पायथागोरस," मी म्हणालो.

"त्याचा व्यत्यास," सुतळी गुंडाळत बाकोबा म्हणाला. "अर्धा मार्क गेला."