१०० पैकी ४७

सांगलीत अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला होते. पॅकेजिंगची असाइनमेंट मिळाली, विषय हळदीचं १०० ग्रॅमचं पाकीट. तीन रात्री जागून मी ते केलं. छापून, दुमडून, चिकटवून टेबलावर ठेवलं तेव्हा वर्गातल्या मुली उठून बघायला आल्या. आठवड्याने गुण लागले, ४७. शेजारच्या मुलाचं पाकीट माझ्याइतकं देखणं नव्हतं असं मला ठामपणे वाटत होतं, आणि त्याला ७१. त्या दिवशी तासगावच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. 'मला आवडलं नाही' असं काहीतरी ऐकायची तयारी केली होती. त्यांनी गुणांचा तक्ताच पुढे सरकवला. संशोधन २०, कल्पना आणि रफ म्हणजे कच्ची रेखाटनं ३०, मांडणी व अक्षरयोजना २०, फिनिशिंग २०, जूरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर बोलणं १०. माझे ५, ८, १४, १६ आणि ४. ज्यासाठी रात्री जागवल्या त्या मांडणी-फिनिशिंगमध्ये ४० पैकी ३० होते. बाकीचं सगळं बुडालं होतं.

"रफ किती केलेस?"

"दोन, मॅडम."

"दुसरा म्हणजे पहिलाच, रंग बदललेला. मग हीच कल्पना का निवडलीस, हे मी कशावरून ओळखायचं गं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण हा तक्ता आम्हाला विषय मिळाला त्याच दिवशी मिळायला हवा होता, हे मी तिथेच बोलले. कशाला किती गुण हे माहीत नसताना मुलं जे डोळ्यांना दिसतं तेच घासत बसतात. मॅडम रागावल्या नाहीत. पंधरा दिवसांत पुन्हा काम दे म्हणाल्या. नियम एवढाच की पुन्हा दिलेल्या कामाला जास्तीत जास्त ६५.

या वेळी संगणक उघडण्याआधी मार्केट यार्डात गेले, मग हरिपूरला. जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवायची तिथली जुनी पद्धत घरी नुसती ऐकली होती. तिथल्या एका आजोबांनी काठीने मातीत पेवाचा आकार काढून दाखवला, तोंड अरुंद आणि पोट मोठं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय हेही मला तेव्हाच कळलं. हळदीच्या गावाजवळ वाढलेली मी, आणि पहिल्या पाकिटावर नुसतं हळकुंडाचं चित्र काढलं होतं!

बावीस रफ झाले. त्यातले बरेच वाईट होते, तरी सगळे तारखा घालून फाइलला लावले. सतराव्यात पेवाचा उभा छेद आला आणि तोच पुढे नेला.

दुकानातून चार पाकिटं आणून मागची बाजू वाचली तेव्हा आणखी एक चूक सापडली. माझ्या पाकिटावर निव्वळ वजन होतं, पण कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगची तारीख, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, यातलं काहीच नव्हतं. हे सगळं बसवायचं म्हटल्यावर मांडणी मुळापासून बदलली. आधी गडद तपकिरीवर पाच पॉइंटची पांढरी अक्षरं टाकली होती. छापताना शाई पसरून 'ळ' आणि 'क्ष'च्या गाठी बुजल्या होत्या. ती अक्षरं मोठी केली आणि पांढऱ्यावर काळी घेतली.

पिवळ्या रंगाने मात्र खूप छळलं. पडद्यावर झळझळीत, कागदावर हिरवट. प्रेसमधल्या काकांनी आकडे बघून सांगितलं, "ताई, यात ८ टक्के सायन म्हणजे निळी शाई आहे, ती शून्य करा. पिवळ्यात थोडा मजेंटा, म्हणजे गुलाबी, राहू द्या." पुढच्या प्रिंटला हळद हळदीसारखी दिसली.

जूरीला बाहेरचे एक सर आले होते. त्यांनी पाकीट हातात घेतलं, खाली ठेवलं आणि रफची फाइल मागितली. सतरावा रफ उघडून विचारलं, "सोळाव्यापर्यंत काय अडत होतं?" मी दहा मिनिटं बोलले, हरिपूरच्या त्या काठीपासून.

तक्त्यात १४, २३, १५, १७, ८ आले. बेरीज ७७, गुणपत्रिकेत नियमाप्रमाणे ६५. पुढच्या असाइनमेंटला मॅडमनी विषय सांगायच्या आधी फळ्यावर पाच रकाने आखले आणि प्रत्येकासमोर गुण लिहिले.