वाल्डमनचं काय चुकलं?

मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ कादंबरी मिटून तास झाला, तरी ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. पुढे राक्षस घडवणारा विद्यार्थी व्हिक्टर म्हणतो, ते प्राध्यापकाचे शब्द कसले, माझा नाश करायला निघालेल्या नियतीचे शब्द. आणि हे त्याला रसायन शिकवणाऱ्या वाल्डमनबद्दल! १८१८च्या पहिल्या आवृत्तीत हे वाक्य नाही. मेरी शेलीने ते १८३१च्या सुधारित आवृत्तीत घातलं.

क्रेम्पे या दुसऱ्या प्राध्यापकाबद्दल म्हणाला असता तर लगेच पटलं असतं. ठेंगणा, घोगऱ्या आवाजाचा माणूस. पोराने किमयागारांची पुस्तकं वाचलीत हे कळताच सगळी वर्षं वाया घालवलीस म्हणतो, नव्या पुस्तकांची यादी लिहून देतो आणि वाटेला लावतो.

वाल्डमन पन्नाशीचा, कानशिलांवर केस पिकलेले, आवाज अतिशय गोड. अग्रिपा, पॅरासेल्सस ही त्या किमयागारांची नावं ऐकून हसतो, पण त्यात तुच्छता नसते. त्यांच्या कष्टांवरच आजचं शास्त्र उभं आहे, म्हणतो. प्रयोगशाळेत नेतो, एकेक यंत्र समजावतो. यादी तोही देतो.

मग चुकलं कुठे? सल्ला तर चोख आहे: नुसतं रसायन पुरणार नाही, गणितासकट सगळ्या शाखा शीक. यंत्रं न बिघडवण्याइतकी तयारी झाली की ती वापरायलाही देईन. एवढी यंत्रांची काळजी घेणारा माणूस, या मुलाच्या मनात काय शिजतंय हे का विचारत नाही?

बापानेही विचारलं नव्हतं. तेराव्या वर्षी मुलाच्या हातात अग्रिपाचं पुस्तक पाहिलं, ‘भिकार आहे ते’ म्हणाला आणि विषय संपवला. का भिकार, हे सांगितलं असतं तर मी ते बाजूला टाकलं असतं, असं व्हिक्टर स्वतःच म्हणतो. १८१८मध्ये निदान हा बाप विजेचं छोटं यंत्र बनवून दाखवतो, तारेचा पतंग उडवतो. १८३१मध्ये तेही गेलं. आईचं तर... नको, आज नको.

वाल्डमनला दोष द्यायचा म्हटलं की जिवावर येतं. असा शिक्षक कुणाला नको असतो? क्रेम्पेच्या बोलण्यातही खरं ज्ञान होतं, हे व्हिक्टर मागाहून कबूल करतो, तरी मन वाल्डमनकडेच जातं. जाऊ दे. माझंही तिकडेच जाणार.

पण तो पुढचा प्रसंग. राक्षस जन्मून गेलाय, व्हिक्टर मोठ्या आजारातून उठलाय, आणि वाल्डमन कौतुकाने त्याची प्रगती सांगतोय. व्हिक्टर तळमळतो. वाल्डमनला ते दिसतं. त्याला वाटतं, मुलगा विनयशील आहे. तो विषय बदलतो.