खाडीचं नाव

दांडिया बाजार, बडोदा. रविवार, रात्री.

आत्या सकाळी भेटायला आली आणि पायातल्या चपला काढायच्या आधीच विचारलंन, "तिकडे मासे खाल्लेस की नाही?" सीकेपीच ती! मग तिला बसवून ग्रँड सेंट्रलच्या ऑयस्टर बारची, म्हणजे कालवांच्या खानावळीची, सगळी हकिगत सांगितली.

न्यूयॉर्कचं हे रेल्वे स्टेशन 1913 साली सुरू झालं, आणि त्याच्या जमिनीखालच्या मजल्यावरची ही खानावळही त्याच वर्षी. वर ग्वास्ताविनो पद्धतीच्या कमानी, पातळ टाइला सिमेंटात थरावर थर बसवून केलेल्या. 1997 च्या आगीत त्यांचं बरंच नुकसान झालं होतं, पण आता पाहून वाटणारही नाही. खाली गाडीच्या वेळेकडे लक्ष ठेवून माणसं जेवत होती. मला हेच फार आवडलं. इतकी जुनी जागा, पण अजून प्रवाशांची.

मेन्यूत कालवांची नावं म्हणजे गावांची, खाड्यांची नावं. ब्लू पॉइंट लाँग आयलंडचं, वेलफ्लीट मॅसॅच्युसेट्सचं, मालपेक कॅनडाचं. तिन्हींची जात एकच, चव मात्र ज्याच्या त्याच्या पाण्याची. आपण कालवं शिजवूनच खातो, त्यामुळे कच्चं तोंडात टाकताना जीव धास्तावला होता. लिंबू पिळून टाकलं, आणि वेलफ्लीटच्या खारटपणाने तोंड भरून गेलं. पॅन रोस्ट या कालवांच्या रश्शाचं एवढं नाव, समोरच वाफेच्या भांड्यात करून देतात; पण लोणी, क्रीम आणि चिली सॉसमध्ये कालवाची चव बुडते. आपलं आलं-लसणीचं वाटण आणि कोकम त्याला असं झाकत नाही.

तिथे बसल्या बसल्या 1913 हे साल मनातून हलेना. त्याच वर्षी जुलैत भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला उतरले, कोलंबियात शिकायला, आपल्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड. महाराजांच्याच कामाठीबागेवरून रोज जाणाऱ्या मला ते स्टेशन एकदम ओळखीचं वाटलं. लेकीला सांगितलं, तर तीही खाणं थांबवून ऐकत राहिली.

कच्च्या कालवांचं ऐकून आत्याने नाक मुरडलं, पण खाड्यांच्या नावांवर खूश झाली. कोळणीला "कुठल्या खाडीची गं?" विचारल्याशिवाय आजी टोपलीला हात लावत नसे, म्हणाली. इथे बडोद्यात बर्फातली सुरमई वेरावळची की मुंबईची, हे आपणहून कोण सांगतंय! सोड्यांची पुडी हातात ठेवताना मात्र आत्याने न विचारता सांगितलं, "अलिबागचे आहेत, पुरवून वापर." उद्या खिचडीत घालते.