बहुलक शून्य

वीस माडांत एकालाही शून्य नारळ नाही, तिथेच मी थबकले.

दहावीच्या गणिताचे प्रोजेक्ट तपासायचा आणि तोंडी परीक्षेचा तो दिवस होता. विषय मीच दिला होता: स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या बागेतल्या वीस माडांवर एका पाडपाला, म्हणजे नारळ उतरवण्याच्या एका खेपेला, किती नारळ निघतात ते मोजा आणि मध्य (सरासरी), मध्यक (रांगेतला मधला आकडा), बहुलक (सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा) काढा. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या पोरांना माड शोधत हिंडावं लागत नाही, हा त्यामागचा विचार.

समोरच्या मुलाचा तक्ता मोठा देखणा होता. सगळे आकडे 18 ते 32 च्या आत. अशी बाग आमच्या भागात तरी मी पाहिलेली नाही. एखाद्या माडाचा शेंडा भुंग्याने पोखरलेला असतो, एखादा नुसताच उंच वाढून म्हातारा झालेला असतो, आणि डोंगराच्या कडेला असलेल्यांवर माकडं आपल्याआधी पाडप उरकून जातात. मी कॅल्क्युलेटर ओढला. बेरीज 496, म्हणजे मध्य 24.8. कागदावर मात्र 25.6.

माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात. मी विचारलं, "तुमच्याकडे पाडेली एका माडाचे किती घेतो रे?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग खाली बघून म्हणाला, "टीचर, पाडेली आयलोच ना."

आलाच नव्हता, ही खरी गोष्ट होती. पाडेली मिळणं आता किती कठीण झालंय ते बाग असलेल्या कुणालाही विचारा. आज येतो, उद्या येतो करत त्याने पंधरवडा काढला. सोमवारी प्रोजेक्ट द्यायचा होता. शनिवारी रात्री याने मामाच्या फोनवर चॅटजीपीटीला सांगितलं, गोव्यातल्या वीस माडांचं एका पाडपाचं उत्पन्न दे आणि मध्यही काढून दे. दोन्ही मिळालं.

त्या चुकलेल्या मध्याबद्दल थोडं सांगते, कारण पालकसभेत मला हेच समजावून सांगावं लागतं. ही भाषेची मॉडेलं मुळात पुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज करत वाक्य रचत जातात. आकडेमोड वेगळ्या प्रोग्रामकडून करून घेतली तर उत्तर बरोबर येतं. तशी करून घेतली नाही, तर लांबलचक बेरजेत उत्तरासारखं दिसणारं काहीतरी येऊ शकतं. माडांचंही तसंच. बागेसारखं दिसणारं काहीतरी मागितलं, ते मिळालं.

मुलावर मी ओरडले नाही. फोन नसता तर त्याने आकडे मनाने मांडले असते. गुरुत्वत्वरणाची किंमत 9.8 यावी म्हणून आमच्या पिढीने प्रयोगवहीत काय काय केलं, ते कुणी खोदून विचारू नये.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये विषय निघाला. एका सहकाऱ्याने लगेच उपाय सुचवला: सगळ्यांची प्रस्तावना एआय पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकू या. टाकली. तक्ता बनवणाऱ्या मुलाची प्रस्तावना साफ सुटली. ती त्याने स्वतःच लिहिली होती, चुकांसकट. अडकली ती भलतीच मुलगी. तिचं लिखाण 'बहुतांशी यंत्राने लिहिलेलं' असा शेरा आला आणि स्टाफरूममध्ये दोघांनी मान हलवली.

मला हे पटेना. आमची बरीचशी मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत येऊन पडतात. त्यांचं इंग्रजी लहान लहान, ठरावीक वाक्यांचं असतं, गाइडमधून उचललेल्या साच्यातलं. सॉफ्टवेअर नेमकं ते सपाट वळणच हेरतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2023 मध्ये अशी काही सॉफ्टवेअरं तपासली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राने लिहिलेले म्हणून पकडले गेले होते. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असलं साधन अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. असल्या शेऱ्यावर मी पोरीचे गुण कापू?

मी तिला बोलावलं. प्रस्तावनेबद्दल अवाक्षर काढलं नाही. "मध्यक काढताना आकडे आधी चढत्या क्रमाने का लावायचे?"

"रांगेत उभे केल्याशिवाय मधला कोण ते कळणार कसं?" ती म्हणाली. आणि पुढे स्वतःहून, "आमच्या बागेत एकाच माडाला साठ नारळ आले. त्याने मध्य वर ओढला, मध्यक हलला नाही."

हे मी वर्गात शिकवलं होतं. पण त्या दिवशी ही मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसलेली मला आठवत होती. कुठे शिकलीस म्हटल्यावर तिने फोनचं नाव घेतलं. आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजी विकते. रात्री आईचा फोन मोकळा झाला की ही पुस्तकातला इंग्रजी परिच्छेद टाइप करायची आणि सोपं करून सांग म्हणायची. आधी कोकणीत विचारून पाहिलं, तर उत्तर निम्मं हिंदीत आलं. मग मराठीत विचारलं, ते जमलं.

"किती वेळा विचारलंस?"

"कळेपर्यंत. तुम्हाला इतक्यांदा विचारलं असतं का, टीचर?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्गात चाळीस मुलं, तास संपत आलेला, आणि तिसऱ्यांदा तीच शंका विचारणाऱ्याकडे सगळा वर्ग वळून बघतो. बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाने 1984 मध्ये मांडलं होतं की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या 98 टक्के मुलांच्या पुढे जातो. पुढच्या संशोधनात एवढा मोठा फरक दिसला नाही, पण दिशा तीच राहिली. अशी शिकवणी परवडणारी घरं आमच्या शाळेत मोजकीच. भाजीवालीच्या मुलीला रात्री कुणीतरी न कंटाळता समजावून सांगतं, तर ते मी बंद करायला निघणार नाही. फक्त ते चुकीचं सांगेल तेव्हा तिला कळेल का, ही धास्ती मला आहे, आणि म्हणून तोंडी परीक्षा मी आता सोडणार नाही. वेळखाऊ आहे. त्यासाठी दुसरं कुठलं तरी रजिस्टर भरायचं कमी करा, असं मी हेडमास्तरांना सांगून ठेवलंय.

त्या मुलाला पाडेली येईपर्यंत मुदत दिली. दहा दिवसांनी तो नवा कागद घेऊन आला, डाग पडलेला, खाडाखोड केलेला. बेरीज 212, मध्य 10.6, मध्यक 12. आणि बहुलक शून्य, कारण पाच माडांना काहीच नव्हतं. वर्गात वाचून दाखवल्यावर पोरं हसली. त्याने शांतपणे सांगितलं, तीन माकडांनी खाल्ले, दोन भुंग्याने. मग आजोबा माकडांवर काय बोलतात तेही सांगायला लागला, तेव्हा मला थांबवावं लागलं.

आता दरवर्षी मी वर्गाला दोन तक्ते देते, एक बागेतला, एक यंत्राकडून घेतलेला, आणि कुठला कुठला ते कारणासह ओळखायला सांगते. शून्य नाहीत, हे पोरं चटकन पकडतात. परवा मात्र एकाने वेगळंच काढलं: यंत्राच्या तक्त्यात माड 1 ते 20 ओळीने आहेत. "टीचर, आमच्यात सातवा माड गेल्या पावसात पडला. आमी साच्या फुडें आठच म्हणटा." म्हणजे सहाच्या पुढे थेट आठ.